बारा पिल्लांचं बारसं

आमच्या घरात मार ही काही विशेष गोष्ट नव्हती. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा, भिंतीपलीकडून चाँदखालांच्या बकऱ्यांचा आवाज यायचा, तसाच अधूनमधून मधल्या खोलीतून कुणाच्या तरी पाठीत रट्टा बसल्याचाही यायचा. अण्णांनी दादाला लहानपणी कमरेच्या पट्ट्याने फोडून काढलं होतं. पुढे दादाला मिशी फुटली, तो सिकंदराबादला रेल्वेत लागला, तेव्हा अण्णांचा हात थांबला आणि दादाचा सुरू झाला. मी शेंडेफळ म्हणून माझ्या वाट्याला कमी यायचा, पण त्याची भीती पुरेपूर असायची. दादाची सायकल गल्लीच्या तोंडाशी वाजली की मी परसात पळायचे आणि आई चुलीपुढे उगीचच जास्त कामात असल्यासारखी दिसायची. हल्ली माझ्या नाती विचारतात, "आजी, तुझं चाइल्डहुड कसं होतं?" मी म्हणते, मस्त होतं गं. धडधडीत खोटं बोलते, आणि त्यांनाही तेवढंच ऐकायचं असतं.

आम्ही मूळचे बिदरकडचे, शेतीवाडीतले. अण्णा कोर्टात कारकून झाले म्हणून नारायणगुड्यात बिऱ्हाड आलं, पण आईने गाव सोडलं तरी कोंबड्या सोडल्या नाहीत. तीन खोल्यांच्या मागे परसात सीताफळाचं झाड होतं, त्याखाली विटांचं खुराडं. अंगणात सतत कुडकुड चाललेली, पायाखाली शीट, आणि अण्णा रोज ऑफिसला निघताना बुटाकडे बघून शिव्या घालायचे. जेवणात अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. रविवारी खट्टी दाळ आणि जमलं तर कोंबडी. आईच्या हाताला चव होती, हे मात्र मी शपथेवर सांगेन. तिच्या जिभेला मात्र विळीची धार होती.

ही धार चार वर्षं मालतीवहिनीवर चालली होती. वहिनी भालकीजवळच्या खेड्यातली. उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. लग्नाला चार वर्षं झाली आणि मूल नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा. लोकांसमोर ती मला "वन्सं" म्हणायची, आणि परसात आम्ही दोघीच असलो की "शकू". मी सातवीत होते. मला सख्खी बहीण नव्हती, तेव्हा वहिनीच माझं सगळं काही होती. तिने मला अंबाडीची दोरी वळायला शिकवली, कोंबडीला न घाबरवता धरायला शिकवलं. दादा तिला मारायचा तेव्हा मी कानावर उशी घ्यायचे. एवढंच करायचे.

त्या वर्षी शिमगा तोंडावर आला असताना आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली. खुराड्यातून उठेना, जवळ गेलं की पिसं फुलवून फिस्कारायची. वहिनी हरखली. तिने डालगं घेतलं, तळाला राख पसरली, वर भुसा, आणि तेरा अंडी निवडून ठेवली. अंडी विषम घालायची, जोडीने घालायची नाहीत, असं तिच्या माहेरी होतं. आई दारात उभी राहून बघत होती. आदल्याच आठवड्यात तिच्या भावाचं पत्र आलं होतं. त्याची मुलगी लग्नाची होती आणि दादासाठी द्यायला तो तयार होता. पहिली बायको जिवंत असताना दुसरी करता येत नाही, हे कोर्टात आयुष्य घालवलेल्या अण्णांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांनी पत्र वाचून घडी घातली आणि चष्मा पुसला.

"बघू तरी तुझ्या हाताला यश आहे का," आई वहिनीला म्हणाली. "पिल्लं निघाली, जगली, तर मी भावाला लिहिते की वर्षभर थांब. नाही जगली तर तूच समज."

कुणी म्हणेल, असं कुठे असतं का? कोंबडीच्या अंड्यांवर बाईचा संसार ठरतो का? आमच्या घरात ठरला. आईने गंमत म्हणून म्हटलं नव्हतं आणि वहिनीनेही गंमत म्हणून ऐकलं नाही. त्या दिवसापासून ती डालग्याजवळून हलेना. दिवसातून एकदा कोंबडीला उचलून दाणापाणी करायची, तेवढ्यात अंडी गार होऊ नयेत म्हणून वर गोणपाट टाकायची. सातव्या दिवशी तिने वर्तमानपत्राची सुरळी केली, एका टोकाला अंडं लावलं, उन्हाकडे धरलं आणि मला म्हणाली, "बग." आत लाल केसांसारखी बारीक जाळी होती आणि मधे एक ठिपका उडत होता. "ह्यो जीव हाय," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

एकविसाव्या दिवशी, गुरुवारी, अंड्यांना आतून टोचे पडले. मला कवच सोलून मदत करायची घाई झाली होती. वहिनीने माझ्या हातावर चापट मारली. "आपल्या आपण यायला पाह्यजे. न्हाईतर रगत येतंय." संध्याकाळपर्यंत बारा पिल्लं निघाली, एक अंडं वांझ गेलं. बारा! वहिनीने ती पदरात घेऊन आईला दाखवली. आईने एक पिल्लू उचललं, त्याच्या ढुंगणावर फुंकर मारली आणि म्हणाली, "ठीक आहे." आमच्या आईच्या तोंडून ठीक आहे म्हणजे दुसऱ्या बाईने पेढे वाटण्यासारखं होतं. त्या दिवशी वहिनीला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

चौथ्या दिवशी रविवार आला. दादा दुपारी बाराला चार मित्र घेऊन आला, न सांगता. घरात कापण्याजोगा एकच कोंबडा होता, तो छपरावर चढून बसला आणि हाती लागेना. दादाचं मित्रांसमोर हसं झालं. कुणीतरी म्हणालं, "अरे, तुझा कोंबडा पण तुझं ऐकत नाही." झालं. दादा सरळ डालग्याकडे गेला, पिल्लं पोटाखाली घेऊन बसलेल्या तांबडीला पंख धरून उचललं. पिल्लं खाली टपाटप पडली. वहिनी स्वयंपाकघरातून धावली. "अहो, तिला नका. तिची लेकरं हाईत." दादाने मान धरली आणि सुरी ओढली. नीट ओढली नाही, घाईत अर्धीच ओढली. तांबडी त्याच्या हातून सुटली आणि लोंबत्या मानेने अंगणभर धावली, धुण्याच्या दगडावर, तुळशीवर, माझ्या परकरावर रक्ताच्या चिळकांड्या उडवत. पिल्लांना वाटलं आई निघाली. ती बाराही तिच्यामागे चिवचिवत धावली. मित्र पोट धरून हसले. आज साठी उलटून गेली तरी ते हसणं मला ऐकू येतं.

भिंतीवरून चाँदखालांनी बघितलं. त्यांच्या घरी तीन पिढ्यांपासून असील जातीचे, झुंजीचे कोंबडे होते, सगळ्या गल्लीला कोंबड्यांचं शहाणपण त्याच शिकवत. "बच्चेवाली को काटा? अल्ला से तो डर रे," त्या दादाला म्हणाल्या. दादा म्हणाला, "खाला, खाना भेजूं क्या?" आणि पुन्हा हशा. खुडूक कोंबडीचं मांस चिवट असतं, पाचही जणांनी ते दातांनी ओढून ओढून खाल्लं. वाढायला वहिनीच होती. तिने वाढलं.

त्यानंतर पिल्लं वहिनीच्या जिवावर राहिली. चाँदखालांनी सांगितलं तसं तिने आंब्याची लाकडी पेटी घेतली, तळाला भुसा घातला, वरून फळीच्या झाकणातून एक बल्ब सोडला. "रात कू लगाओ, दिन कू निकाल दो. जियादा गर्मी हुई तो एक दूसरे कू नोचते," खाला म्हणाल्या होत्या. मी तिथेच उभी होते. ऐकलं होतं. कणी, उकडलेल्या अंड्याचा चुरा, चिमूटभर हळद घातलेलं पाणी. वहिनी रात्री तीनतीनदा उठायची. पिल्लांच्या पंखांवर निळसर काड्यांसारखी पिसं फुटायला लागली. बारापैकी एकही दगावलं नाही. आई सकाळी उठली की आधी पेटीत डोकवायची, मग देवाला नमस्कार करायची. आणि एक दिवस माझ्यादेखत तिने भावाला कार्ड लिहायला घेतलं: सध्या घाई करू नये. ते कार्ड देवळीत ठेवलं होतं, पेटीत टाकायचं बाकी होतं.

सोमवारी बारावा दिवस होता. शाळा अर्धा दिवसच होती. आई त्या दिवशी वहिनीला घेऊन सुलतान बाजारला गेली होती, बांगड्या भरायला. चार वर्षांत पहिल्यांदा. जाताना वहिनी माझ्या कानाशी लागली, "पिल्लांवर ध्यान ठेव गं." मी घरात एकटी. आणि माझ्या मनात आलं, बारावा दिवस आहे, बारसं करू. वहिनी आली की तिला दाखवू. वहिनीच्या मांडीवर कधी पाळणा येईल तेव्हा येईल, आज तिच्या पिल्लांना नावं तरी ठेवू. मी देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा आणला. कोरडं कुंकू मऊ पिसांवर टिकेना, म्हणून खोबरेल तेलात घट्ट कालवलं आणि एकेकाला उचलून कपाळावर ठसठशीत टिळा लावला. नावं ठेवली, ती आता एकही आठवत नाहीत. बारशाला दिवा पाहिजे म्हणून भर दुपारी बल्ब लावला. वर फळी ठेवली, मांजर येऊ नये म्हणून त्यावर पाटा ठेवला. मग पाटावर बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले, पंखा लावला आणि झोपले.

झोपेत चिवचिवाट कानावर येत होता. तो रोजच्यासारखा नव्हता, चिरका होता. मला वाटलं खेळतायत. मी कूस बदलली.

चारला आई आणि वहिनी आल्या. वहिनीच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. ती बांगड्या वाजवत परसात गेली आणि मी तिचा आवाज ऐकला. ती किंचाळली नाही. पोटात लाथ बसल्यावर श्वास जातो, तसा नुसता आवाज आला. मी धावले. पेटीतला भुसा चिखलासारखा झाला होता. मी जिथे जिथे टिळा लावला होता तिथे तिथे खड्डा होता. काहींच्या डोक्याची पांढरी कवटी दिसत होती. काहींना डोळे नव्हते. एकाचं आतडं दोघं दोन बाजूंनी ओढत होती, आणि ते पिल्लू अजून जिवंत होतं, पाय झाडत होतं. माझ्या डोळ्यांदेखत ओढत होती. इवलीशी, बारा दिवसांची, कापसासारखी पिल्लं! वहिनीने आत हात घातला, ओढणाऱ्यांना वेगळं केलं, आणि त्या पाय झाडणाऱ्याची मान दोन बोटांत धरून मोडली. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची. नव्या बांगड्या तेवढ्या खणखणत होत्या. शेवटी एकच पिल्लू धड राहिलं. त्याला ओरखडाही नव्हता आणि ते चोचीपासून गळ्यापर्यंत लाल होतं.

चाँदखाला भिंतीवरून वाकल्या. एक मेलेलं पिल्लू त्यांनी हातात घेतलं, उरलेलं तेलकट कुंकू अंगठ्याने पुसून बघितलं. "अगे, लाल रंग किन्ने लगाया? लाल देखे तो छोड़ते नईं ये. एक टोचा, रगत निकला, बस." तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायकल वाजली.

दादाने पेटी बघितली, खालांचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "कुंकू कुणी लावलं?" आई माझ्याकडे बघत नव्हती, ती देवळीतलं कार्ड फाडत होती. वहिनीने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. माझं उजवं बोट नखापर्यंत लाल होतं. मी तो हात परकराच्या घडीत लपवला.

"मी लावलं," वहिनी म्हणाली. "माझ्याच हातानं झालं."

"कुठल्या हातानं?" दादाने विचारलं. अगदी शांतपणे विचारलं. आणि तिने, का कोण जाणे, उजवा हात पुढे केला. दादाने पेटीवरची फळी उचलली. पहिल्या फटक्याला चुडा फुटला आणि काचा मनगटात घुसल्या. दुसऱ्याला बोटं. तिसरा खांद्यावर, चौथा तोंडावर, पुढचे मी मोजले नाहीत. ती धुण्याच्या दगडावर पडली, त्याने केसांना धरून उभं केलं आणि पुन्हा मारलं. "दिवसभर घरात बसून बारा पिल्लं नाही सांभाळता आली!" प्रत्येक फटक्याला तो हेच म्हणत होता; ती दुपारभर बाजारात होती, हे आईने त्याला सांगितलं नाही. अण्णा ऑफिसातून आले, दारातच थबकले, बूट काढले आणि आत जाऊन रेडिओ लावला. आवाज मोठा केला. चाँदखाला भिंतीवर चढून ओरडत होत्या, "मर जाइंगी रे वो, छोड़!" शेवटी त्यांच्या दोन्ही मुलांनी भिंतीवरून उड्या टाकून दादाला धरलं.

मी सीताफळाच्या झाडाला टेकून उभी होते. "मी लावलं" हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. ते मी गिळले. त्या क्षणी मला वहिनीची दया आली नाही, हे लिहायलाच हवं. मला बरं वाटलं की फळी माझ्या अंगावर नाही.

सकाळी वहिनी निघाली. तोंड सुजून एक डोळा बंद झाला होता. चाँदखालांनी उजव्या हाताला हळद-चुना लावून पट्टी बांधली होती. कपाळावर कुंकू नव्हतं. खाला तिला बसपर्यंत पोचवायला गेल्या. तिच्या डाव्या हातात झाकणाची दुरडी होती आणि आत ते लाल चोचीचं पिल्लू ओरडत होतं. तिने कुणाचा निरोप घेतला नाही. माझ्याजवळून जाताना फक्त म्हणाली, "बोट धुऊन घे, शकू." दिवाळीनंतर मामाची मुलगी आमच्या घरात आली. तिला दोन मुलगे झाले. तिलाही दादा मारायचा, पण जरा कमी, असं आई कौतुकाने सांगायची.

गेल्या वर्षी मी भालकीला गेले. जायला मला इतकी वर्षं लागली, याचं कारण सोपं आहे, मला तोंड नव्हतं. वहिनी आता सत्तरीपुढची, भावाच्या शेतात पत्र्याची मोठी शेड टाकून पिल्लं वाढवते, तालुक्यातले लोक तिच्याकडून नेतात. तिने मला शेडमध्ये नेलं. आत लाल बल्ब लावलेले होते, सगळं लालच लाल दिसत होतं, जमीन, पिल्लं, आम्ही दोघी. मी विचारलं, हा असा उजेड का? "ह्याच्यात रगत दिसत न्हाई," ती म्हणाली. "एखाद्याला लागलं तरी बाकीच्यांना कळत न्हाई." तिने वाकून एक पिल्लू उचललं. उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकडीच होती, त्या वाकड्या बोटांतच पिल्लू बरोबर बसत होतं.

मी म्हणाले, "वहिनी, ते कुंकू मी लावलं होतं."

"ठाव हाय की."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिला प्रश्नच कळला नसावा अशी ती माझ्याकडे बघत राहिली. "सांगितलं असतं तर तुला मारलं असतं," ती म्हणाली. "मला तर मारतच होते." मग तिने पिल्लू खाली सोडलं आणि मला चहाला चल म्हणाली.

दादा अजून आहे. अंथरुणाला खिळला नाही, पण काठीशिवाय चालत नाही, आणि सुनेने दिलेली मऊ खिचडी मुकाट्याने खातो. भाऊबीजेला मी दरवर्षी त्याच्या कपाळाला कुंकू लावते, त्याच बोटाने. या भाऊबीजेला तो पाटावर बसला, डोळे मिटून कपाळ पुढे केलं. माझं बोट कुंकवात बुडालेलं होतं आणि ते पुढे जाईना. मी म्हणाले, "दादा, त्या पिल्लांना कुंकू मी लावलं होतं. मालतीवहिनीने नाही. तू तिचा हात मोडलास तो माझ्यामुळे." इतकी वर्षं या वाक्याला मी भीत आले होते. आता तो ओरडेल, काठी उगारेल, रडेल, काहीतरी होईल, म्हणून मी वाट बघत उभी राहिले.

दादाने डोळे उघडले. त्याने खरंच आठवून बघितलं, त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कोणती पिल्लं?" त्याने विचारलं.

मी बोट पदराला पुसलं आणि ताट घेऊन आत गेले. तो बराच वेळ तसाच पाटावर बसून होता, कपाळ पुढे करून.